सुप्याच्या बाजारात खतं का जळाली? १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय साम्राज्यवाद म्हटलं की तोफा, जहाजं आणि युनियन जॅक डोळ्यांपुढे येतात. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या जिरायत गावांमध्ये तो आला तो मोजणीची साखळी, साऱ्याचा (म्हणजे जमिनीवरच्या सरकारी कराचा) हप्ता आणि मुद्रांकाचा कागद घेऊन. त्याच्याशी शेतकऱ्यांचा पहिला मोठा सामना १८७५ साली झाला. त्याविषयी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची ही उत्तरं.

दख्खनचे दंगे म्हणजे नेमकं काय झालं?

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेले आणि त्यांनी कर्जाची खतं व हिशेबाच्या वह्या मागितल्या. हाती आलं ते जाळलं. काही ठिकाणी धान्य आणि कापडाची दुकानंही लुटली गेली. पुढच्या दोनेक महिन्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं.

(खत म्हणजे इथे शेणखत नव्हे, कर्जाचा लेखी दस्तऐवज. नव्या पिढीतल्या दोघातिघांनी हे खरोखरच विचारलं, म्हणून सांगितलं.)

हे सुपे म्हणजे नगर रस्त्यावर एमआयडीसी आहे ते सुपा का?

नाही. ते पारनेर तालुक्यातलं. दंग्याचं सुपे आज बारामती तालुक्यात येतं. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं आणि संभाजी मोहित्यांच्या गोष्टीतलं सुपे तेच. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण पारनेर तालुक्यातही त्या वर्षी दंगे झालेच होते.

सावकार छळत होते म्हणून शेतकरी चिडले. यात इंग्रज कुठे आले?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यामागचा समज असा की भांडण घरचं होतं आणि इंग्रज नुसते ठाणेदार होते. दंगेखोरांनीही कचेरीवर दगड मारला नाही, युनियन जॅक उतरवला नाही. उलट सावकारांकडची खतं परत घ्यायला खुद्द राणीने हुकूम काढला आहे, अशा अफवा गावांत फिरत होत्या.

पण जाळलं काय, ते बघा. सावकाराला मारून टाकलं नाही, त्याचं घर बहुतेक ठिकाणी उभं राहिलं, आणि पेटी उघडून कागद तेवढे बाहेर काढले. सावकाराचा जोर त्या कागदात होता, आणि कागदाला तो जोर मुन्सफाच्या, म्हणजे खालच्या दिवाणी न्यायाधीशाच्या, कोर्टाने दिलेला होता. कोर्ट कंपनी सरकारने आणलं. कर्ज काढायची वेळ ज्या साऱ्यामुळे यायची तो सारा सरकारने रोख ठरवला. जमीन कर्जापोटी विकता येईल अशी वस्तू सरकारने केली. सावकार पुढे उभा होता एवढंच. शेतकऱ्याला मोठी इमारत दिसली नसेल, पण तिचा कुठला दगड ढिला आहे ते त्याने बरोबर ओळखलं होतं.

पेशवाईत सावकार नव्हते का?

होते की. स्वतः पेशवे सावकारांच्या कर्जात होते. खेड्यातही सारा भरायला पाटील सावकाराकडून पैसे उचलायचा आणि ते अख्ख्या गावाच्या नावावर पडायचे. व्याजही काही कमी नव्हतं.

फरक वसुलीत होता. सावकाराला पैसे काढायचे तर तगादा लावायचा, दारात धरणं धरून बसायचं, फार तर पंचायत बसवायची. सरकारने मदत केलीच तर वसुलीचा चौथा हिस्सा सरकार ठेवून घ्यायचं, त्यामुळे सावकारही तिकडे सहसा जात नसे. मिरासी, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची, जमीन भाऊबंद आणि गाव यांच्या संमतीशिवाय परक्याच्या घशात जाणं अवघड होतं. शिवाय दामदुपटीचा नियम होता, म्हणजे व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे.

सावकारालाही त्याच गावात राहायचं होतं. कुळ देशोधडीला लागलं तर पुढच्या वर्षी कर्ज घेणार कोण, हा विचार त्याला करावा लागे.

याचा अर्थ पेशवाई सुखाची होती असा मुळीच नाही. दुसऱ्या बाजीरावाने महालांची, म्हणजे तालुक्यांएवढ्या मुलखांची, वसुली मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जास्त बोली बोलेल तो मक्तेदार, आणि त्याने रयतेला पिळून पैसे काढायचे. १८०२ च्या होळकरांच्या स्वारीनंतर पडलेल्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पडली. १८१८ साली राज्य बुडालं तेव्हा डोळ्यांतून पाणी काढणारे शेतकरी फार नसावेत. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

रयतवारी म्हणजे काय?

सरकारने मधला जमीनदार किंवा गाव काढून टाकून एकेका खातेदाराकडून थेट सारा घ्यायचा, ती रयतवारी. कागदावर ही पद्धत बंगालच्या जमीनदारीपेक्षा न्याय्य वाटते. पण पूर्वी गाव म्हणून सारा ठरायचा तेव्हा अडल्या शेतकऱ्याचं ओझं बाकीच्यांवर पसरायचं. आता ज्याचं त्याच्यावर.

पुणे जिल्ह्यातली पहिली मोजणी प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात केली. त्याच्या डोक्यात विलायतेतला नवा अर्थशास्त्रीय सिद्धांत भरलेला होता. शेतीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उरतं, त्यातले ५५ टक्के सरकारचे. हिशेब सुंदर होता, फक्त पाऊस त्याप्रमाणे पडेना. साऱ्याचा आकडा भलताच चढा बसला, खालच्या कारकुनांनी मोजणीत हात मारले, वसुलीत मारहाण झाली आणि लोक जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. काही वर्षांतच सरकारला ही व्यवस्था सोडून द्यावी लागली.

मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची, सर्वांत चांगली ती सोळा आणे. दर हलके ठेवले आणि तीस वर्षांसाठी बांधून दिले. पडीक जमीन पुन्हा लागवडीला आली, हे खरं आहे आणि मान्य केलं पाहिजे. आपण आजही एकर-गुंठ्यांत बोलतो, सर्व्हे नंबर सांगतो, ते याच मोजणीमुळे.

अडचण अशी की दर हलका असला तरी तो रोख होता आणि हप्त्याची तारीख ठरलेली होती. पीक खळ्यात असो, बाजारभाव पडलेला असो, हप्ता त्या दिवशी भरायचा. भीमा-नीरेच्या मधला हा पट्टा अवर्षणाचा. तीन वर्षांतून एक वर्ष जेमतेम. वाईट वर्षी सावकाराशिवाय हप्ता भरणं अशक्य, आणि चांगल्या वर्षी मागची बाकी.

मुदतीच्या कायद्याने शेतकऱ्याचं भलं होणार होतं ना? उलटं कसं झालं?

इथे जरा थांबून हिशेबच करू.

जुन्या मुंबई इलाख्यात १८२७ पासून व्याजाला शेकडा बाराची मर्यादा होती. १८५५ साली हिंदुस्थानभर अशा मर्यादा उठवल्या गेल्या. विलायतेत नुकतंच तसं झालं होतं, म्हणून इथेही. मग १८५९ चा मुदतीचा कायदा आला. कर्जाची बाकी तीन वर्षांच्या आत कोर्टात मागितली पाहिजे, नाहीतर दावा बाद. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये.

सावकाराने त्यातून पळवाट काढली. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत शेतकऱ्याला बोलवायचं आणि मुद्दल अधिक व्याज मिळून येणाऱ्या रकमेचं नवं खत लिहून घ्यायचं. जुनं व्याज आता मुद्दल झालं. दामदुपटीचा नियम कायद्यात जिवंत होता, पण तो मुद्दलाकडे बघतो आणि मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगत होतं.

समजा १०० रुपये शेकडा २५ ने घेतले आणि परतफेड काहीच झाली नाही. तीन वर्षांनी नवं खत १७५ चं. सहा वर्षांनी ३०६ चं. नऊ वर्षांनी ५३६ चं. बारा वर्षांनी ९३८ चं. जुन्या रिवाजाने हाच आकडा २०० वर थांबला असता. २५ टक्के हा दर मी उदाहरणासाठी घेतला आहे, आणि त्या काळी तो चढा समजला जात नसे. दंग्यांनंतरच्या चौकशीत तर १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण पुढे आलं.

आता यात कोर्ट घाला. समन्स निघालं तरी शेतकऱ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. पोचलं तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचं, वकील करायचा, पेरणीचे दिवस घालवायचे. बहुतेक जण जातच नसत आणि एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) व्हायचा. खतावर सही-निशाणी आहे, साक्षीदार आहेत, मुन्सफापुढे प्रश्न संपला. मूळ रक्कम किती दिली होती, फेड किती झाली, हे विचारायचं त्याचं कामच नव्हतं. हुकूमनाम्यावर जप्ती, लिलाव, नाहीतर ऋणकोला दिवाणी तुरुंग.

शेतकरी न वाचता सही कशी करायचा?

वाचता येत नव्हतं म्हणून. खतं मोडीत लिहिलेली, आणि मोडी गावात कुलकर्ण्याला येणार किंवा सावकाराच्या गुमास्त्याला. दोघेही अशा वेळी शेतकऱ्याच्या बाजूला बसलेले नसत. पंचवीस रुपये हातावर ठेवून चाळीस लिहून घेतल्याच्या, फेड झाल्यावर पावती न दिल्याच्या, जुनं खत फाडायचं सांगून पेटीत ठेवल्याच्या तक्रारी चौकशीत भरपूर आल्या.

पण शेतकरी भोळा होता हे अर्धंच खरं. पोटात भूक आणि दारात साऱ्याचा तगादा असताना साक्षर माणूससुद्धा सही करतो. आज मोबाईलवर कर्ज घेताना आपण किती अटी वाचतो, हे ज्याचं त्याने मनाशी आठवावं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा सुप्याशी काय संबंध?

ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीनचतुर्थांशाच्या आसपास अमेरिकेतून यायचा. १८६१ साली तिथे युद्ध पेटलं, दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरची, म्हणजे त्या गिरण्यांच्या मुलखाची, नजर मुंबईकडे वळली. खानदेश आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईत तर वेड लागल्यासारखं झालं. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर कागदावर दसपट झाले. प्रेमचंद रायचंद त्या बाजाराचे राजे. (राजाबाई टॉवरला त्यांच्या आईचं नाव आहे.)

सुप्याची काळी-मुरमाड जमीन मुळात जोंधळा-बाजरीची, कापसाचं मोठं आगर नव्हे. पण भाव सगळ्याचेच चढले. गाड्या हाकायला काम मिळालं. रेल्वे १८६० पर्यंत भीमथडीतून पुढे सोलापूरला पोचली होती, तिच्या बांधकामावर रोख मजुरी होती, आणि १८६३ साली भोरघाट खुला झाल्यावर मुंबईचा रस्ता सरळ झाला. मुंबईचा व्यापारी मोठ्या सावकाराला पैसे देई, तो गावच्या सावकाराला, आणि गावचा सावकार शेतकऱ्याला बोलावून बोलावून. जमिनीला भाव आला होता, तारण पक्कं होतं.

१८६५ साली युद्ध संपलं. अमेरिकन कापूस पुन्हा सुरू झाला, मुंबईतल्या बँका बसल्या आणि वरून खालपर्यंत प्रत्येकाने आपलं कर्ज मागायला सुरुवात केली. साखळीच्या शेवटच्या कडीला मागायला कोणी नव्हतं.

आणि याच वेळी तीस वर्षांची मुदत संपली.

मग सारा किती वाढला?

इंदापूरचा बंदोबस्त, म्हणजे तीस वर्षांसाठी बांधून दिलेले दर, १८६६ च्या सुमारास संपला. पाठोपाठ भीमथडी, हवेली आणि शिरूरकडचा भाग. नव्या पाहणीने दर ठरवताना गेल्या काही वर्षांचे चढे भाव आणि रेल्वेची सोय धरली. ते भाव आता उरले नव्हते, पण आकारणीत ते कायमचे चिकटले. सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला, काही खातेदारांचा त्याहून जास्त.

पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा निघाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि पुढच्या वर्षी बदली होऊन आलेले न्यायमूर्ती रानडे यांच्यामुळे सभेने या वाढीविरुद्ध गावोगावची माहिती गोळा केली, अर्ज केले. सरकारने नंतर काही ठिकाणी वाढ कमी केली. तोवर उशीर झाला होता.

ठिणगी नेमकी कशाने पडली?

शिरूर तालुक्यातलं करडे हे गाव. १८७४ च्या अखेरीस तिथल्या एका सावकाराने बाबासाहेब देशमुख नावाच्या मातबर वतनदारावर हुकूमनामा आणला आणि त्याचं राहतं घरच पाडायला घेतलं. देशमुखाचं घर पडतं तर आपली काय कथा, हे गावाला कळून चुकलं.

गावाने सावकारांना वाळीत टाकलं. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची जमीन कसायची नाही, न्हाव्याने दाढी करायची नाही, पाणी भरायचं नाही. बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. लोक वाळीत टाकण्यावर थांबले होते ते काही महिने. मे महिना उजाडला, सुप्याचा बाजार भरला. शिवारात काम नाही, घरात दाणा नाही, पुढच्या पेरणीला बी उधार द्यायला सावकार तयार नाही, अशा दिवसांत.

किती लोक मेले?

हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. दंगा म्हणावा असा रक्तपात झालाच नाही. खतं मुकाट्याने दिली तर सावकाराला सहसा हात लागला नाही. नाही म्हणणाऱ्याला मारहाण झाली, कडब्याच्या गंजी पेटवल्या गेल्या, एखाद्याचा पाय मोडला. सरकारने मात्र पलटण बोलावली, गावांवर पोलीस चौक्या बसवल्या आणि सुमारे साडेनऊशे लोकांना पकडलं. साक्षीदार मिळणं मुश्किल झालं, कारण अख्खं गावच आरोपी होतं.

हा मारवाडी-गुजराती लोकांविरुद्धचा दंगा होता का?

ज्यांची घरं लुटली त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार बहुसंख्य होते, हे खरं. ब्राह्मण सावकारही होते, पण त्यांच्या वाटेला लोक फारसे गेले नाहीत. याचा अर्थ ते दयाळू होते असा लावू नये. ते गावचे होते, नात्यागोत्यात आणि कुलकर्णीपणात गुंतलेले होते आणि त्यांच्याशी उद्याही गाठ होती. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याशी असा धागा नव्हता. कोर्ट आणि खत असल्यावर त्यालाही गावच्या मर्जीची गरज उरली नव्हती. परकेपणा दोन्हीकडून वाढत गेला. आजच्या एखाद्या समाजाला त्यावरून बोल लावणं म्हणजे पुन्हा पुढे उभ्या असलेल्या माणसालाच धरणं.

सरकारने चौकशीत काय शोधलं?

मुंबई सरकारला आधी ही किरकोळ बाब वाटत होती. १८५७ ची आठवण ताजी असलेल्या हिंदुस्थान सरकारने जोर लावला, तेव्हा आयोग बसला. त्याने गावोगाव फिरून जबान्या घेतल्या, भावांचे तक्ते केले, व्याजाचे हिशेब तपासले. हा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. दख्खनच्या शेतकऱ्याविषयी इतकी बारीक माहिती त्याआधी कुणीच जमवली नव्हती.

निष्कर्ष मात्र ठरल्यासारखा निघाला. साऱ्याचा यात मोठा दोष नाही, दोष सावकाराचा. आयोगातल्याच ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळं टिपण जोडून वाढलेल्या साऱ्याकडे बोट दाखवलं. सरकारी चौकशी सरकारी महसुलाला दोषी धरत नाही, हे पुढेही कितीदा दिसलं.

दख्खन शेतकरी कायद्याने काही बदललं का?

१८७९ सालचा हा कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही, गहाण दिलेली नसेल ती जमीन विकता येणार नाही, आणि मुख्य म्हणजे न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन मुळापासूनचा हिशेब पाहायचा. शेतकऱ्याचं खत नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हायचं. कागदापुढे डोळे मिटणारं कोर्ट डोळे उघडायला लागलं, ते सुप्यातल्या जाळपोळीनंतर चार वर्षांनी. साम्राज्याच्या कारभारात ही गोष्ट थोडी नव्हे.

सावकार शहाणे होते. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेऊ लागले. "पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देतो" हे तोंडी. जमीन जायची ती जायचीच. आणि कायद्याने साऱ्याला तर हातही लावला नव्हता. स्वस्त कर्जाची सोय व्हायला १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा यावा लागला. महाराष्ट्रातल्या सहकाराची मुळं शोधत गेलं की माणूस या जळलेल्या कागदांपाशी येतो.

लगेच दुष्काळ पडला ना?

१८७६ ते १८७८. सोलापूर, सातारा, पुणे, नगर, विजापूरकडचा भाग करपून गेला. रेल्वेने धान्य आत आलं, पण जिथे भाव जास्त तिकडे बाहेरही गेलं. निर्यात बंद करायची नाही, व्यापारात हात घालायचा नाही, हे सरकारचं तत्त्व. खडी फोडायच्या दुष्काळी कामांवर सरकारने दुष्काळासाठी पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून दिवसाला पौंडभर धान्य आणि वर जुजबी पैसे अशी केली. पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. हजारो लोक कामावरून उठून घरी गेले. सार्वजनिक सभेने सरकारला पत्रावर पत्र पाठवलं. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला. सार्वजनिक काका तिथे हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत गेले होते.

सावित्रीबाई फुले त्या एप्रिलमध्ये ओतूरला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातली उपासमार आणि सावकारांच्या घरांवर चाललेला लोकांचा रोष दोन्ही आहे.

वासुदेव बळवंत फडके याच गोष्टीत येतात का?

येतात. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारा हा माणूस दुष्काळात गावोगाव हिंडला. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रामोशांना घेऊन धामारीवर पहिला दरोडा घातला, तोही सावकारांवर. फरक असा की फडक्यांनी सावकारावर न थांबता थेट सरकारशी वैर मांडलं. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले.

जोतीरावांनी १८८३ मध्ये "शेतकऱ्याचा असूड" लिहून पुरं केलं. त्यात जबर सारा आहे, गोऱ्या अधिकाऱ्यांचा ऐषाराम आहे, आणि सभेच्या अर्जांत जे येत नव्हतं तेही आहे. कचेरीतला ब्राह्मण कामगार, कुलकर्णी, वकील हे इंग्रजी राज्याचे हात झाले होते. साहेबाच्या सहीला त्यांची लेखणी लागायची. खानदानी देशभक्तांना ही बाजू फार काळ बोचत राहिली.

पण रेल्वे, कालवे, शाळा इंग्रजांनीच दिल्या ना?

रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती. नफा झाला नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायचा, आणि त्या तिजोरीत सुप्याचा सारा जायचा. तेव्हा "दिली" या क्रियापदाचा कर्ता जरा तपासून घ्यावा. हा हिशेब पुढे दादाभाई नौरोजींनी जगापुढे मांडला. मुंबईच्या भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी तर १८४१ सालीच वर्तमानपत्रात पत्रं लिहून इंग्रजी राज्य देश लुटतं आहे असं रोखठोक सुनावलं होतं.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, आणि त्याचं खोदकाम दुष्काळी मजुरांच्या हातचं. बारामती-इंदापूरचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे त्याची सुरुवात ही. फायदा झाला का? झाला. हातात टिकाव कोणाच्या होता तेही सांगावं, म्हणजे उत्तर पुरं होईल.

शाळांचं उत्तर वेगळं आहे आणि मोठं आहे. फुल्यांसारख्यांना त्या शिक्षणातूनच सरकारला जाब विचारायची भाषा मिळाली. ते इथे दोन ओळींत आटोपत नाही.

शेती नसलेल्यांचं काय झालं?

त्यांच्याकडे जाळायलाही कागद नव्हता. १८७८ च्या कायद्याने रानं सरकारी झाली आणि सरपण, चराई, मोहाची फुलं यांसाठी भिल्ल, ठाकर, कातकरी गुन्हेगार ठरू लागले. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायची वाट उघडली. ती पुढे मुंबई इलाख्यातही आली आणि सोलापुरात अशा जमातींना डांबायची सेटलमेंट तारेच्या कुंपणाआड उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते जू उतरलं, कैकाडी, पारधी, भामटे "विमुक्त" झाले. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आमच्या घरी जुनी मोडी कागदपत्रं आहेत. त्यात असं खत असेल तर कसं ओळखावं?

दंग्यातून वाचलेली आणि नंतरची पुष्कळ खतं अजून पेट्यांत आहेत. आधी कागद बघा. राणीच्या छापाचा मुद्रांक असेल तर तो इंग्रजी अमदानीतला. मग तारीख. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली (महसुली) सन असेल तर ५९०. शके १७९७ किंवा फसली १२८५ दिसलं तर तुम्ही दंग्याच्या वर्षात आहात. मजकुरात रक्कम, व्याजाचा दर आणि फेडीची मुदत शोधा. मुदत तीन वर्षांच्या आतली असेल आणि "मागील खताची बाकी" अशा अर्थाचे शब्द असतील, तर वर केलेला हिशेब तुमच्या हातात आहे.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत साध्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या.

शेवटी सहीची जागा बघा. कर्ज घेणाऱ्याचं नाव दुसऱ्याच कुणाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असेल. त्याच्या शेजारी एक लहानसं, थरथरत्या रेघांचं चित्र असेल, तर ती निशाणी. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा.